चुका काढणाऱ्यांचा नकाशा

आपल्या शहरांतला सायकल ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगायला फलक असतो. कुठे संपतो ते सांगायला बहुधा विजेची डीपी असते. मधल्या अंतरात एखादे अमृततुल्य, त्याच्या गिऱ्हाइकांच्या आडव्या लावलेल्या गाड्या, कोणा माननीयांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि ऐन तोंडाशी रोवलेले लोखंडी खांब. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून हे खांब रोवलेले असतात, आणि ते आपले काम इतके चोख करतात की सायकलीही आत शिरत नाहीत. मोटारसायकली शेजारच्या उतारावरून शिरतात. अशा खांबापाशी पोचलेला मराठी माणूस काय करतो? तो उतरतो, खांबाकडे बघतो आणि शेजारून जाणाऱ्या अनोळखी गृहस्थाला म्हणतो, "याला काही अर्थ आहे का?" गृहस्थ लगेच थांबतात. "अहो, हे काहीच नाही. पुढच्या चौकात जाऊन बघा!" झाले. अत्यंत मोलाची माहिती हवेत विरून गेली. कोणता खांब, कुठे, किती अंतरावर आणि पुढच्या चौकात नेमके काय, एवढेच गोळा करून त्याचा नकाशा करणारी एक व्यवस्था जगात गेली वीसेक वर्षे चालू आहे. तिचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. लोकांनी लोकांसाठी केलेले असे नकाशे परोपकारावर चालतात, अशी एक भाबडी समजूत आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ते दुसऱ्याची चूक काढण्याच्या निर्मळ आनंदावर चालतात. आणि या आनंदाचे एवढे अफाट साठे आपल्याकडे असताना आपण ते कट्ट्यावर फुकट घालवतो आहोत.

पुरावा थेट उगमापाशीच सापडतो. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशासंस्था. तिचे नकाशे अप्रतिम, पण त्यातली माहिती वापरायची तर तेव्हा पैसे मोजावे लागत, आणि न विचारता उचलली तर वकील गाठावा लागे. ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारवाल्यांच्या बड्या संस्थेवर अशाच उचलेगिरीचा ठपका आला, आणि २००१ मध्ये प्रकरण मिटवताना तिला दोन कोटी पौंड मोजायची तयारी दाखवावी लागली. करदात्यांच्या पैशातून मोजलेला रस्ता करदात्यांनाच पुन्हा विकत घ्यावा लागतो, हे स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाला खुपले आणि २००४ मध्ये त्याने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. ज्याने त्याने आपली गल्ली आपण मोजावी, नकाशात घालावी आणि ती कोणीही फुकट वापरावी. या कल्पनेच्या मुळाशी सेवाभाव, विश्वबंधुत्व वगैरे शोधणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही. मुळाशी आहे ती चिडचिड. 'तुम्ही देत नाही ना? राहू दे. आमचं आम्ही बघतो!' हे वाक्य कुठल्याही मराठी भाऊबंदकीत शोभून दिसेल. आपल्याकडे त्या वाक्यानंतर दोन भाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला जायचे बंद होतात. तिकडे त्यातून जगाचा नकाशा झाला.

या उद्योगात सायकलवाले फार लवकर शिरले, आणि तेही ओघानेच आले. मोटारवाल्याला काचेआडून रस्ता नुसता दिसतो. सायकलवाल्याला तो मांड्यांत, मनगटांत आणि माकडहाडात कळतो. त्यामुळे तक्रारीचा कच्चा माल त्याच्याकडे कायम ताजा. अँडी ॲलन याने २००७ मध्ये याच माहितीवरून ओपनसायकलमॅप हा खास सायकलींचा नकाशा काढला. केंब्रिजमध्ये १९९५ पासून सायकलस्वारांची एक संघटना नगरपालिकेच्या मागे लागलेली होती. तिच्या मार्गशोधकातून पुढे सायकलस्ट्रीट्स उभे राहिले. ते एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला तीन वाटा सुचवते: लवकर पोचवणारी, शांतपणे पोचवणारी आणि दोन्हींचा मध्य गाठणारी. शिवाय अडचणीच्या जागांचे फोटो नकाशावर डकवायची सोय आहे. एकदा का तक्रारीला फोटो आणि जागा मिळाली, की ती तक्रार राहत नाही, दस्तऐवज होते.

आता ओपनस्ट्रीटमॅपची वही जरा जवळून बघू. रस्ता किती गुळगुळीत आहे हे नोंदवायला तिच्यात आठ अधिकृत पायऱ्या आहेत. एक्सलंट, गुड, इंटरमीजिएट, बॅड, व्हेरी बॅड, हॉरिबल, व्हेरी हॉरिबल आणि इम्पासेबल. आठांपैकी पाच वाईटाच्या आहेत, यावरूनच हे काम अनुभवी माणसांनी केले असल्याची खात्री पटते. पायरी ठरवायलाही नियम आहेत. रोलर स्केटवर जाता आले तर एक्सलंट. बारीक चाकांची शर्यतीची सायकल चालली तर गुड. रोजची साधी सायकल चालली तर इंटरमीजिएट. बॅडवरून मोटार आणि रिक्षा जाते, हॉरिबलला चारही चाकांत जोर असलेली गाडी लागते आणि व्हेरी हॉरिबलला ट्रॅक्टर. म्हणजे जो टोमणा मारायला पुणेरी पाटीला चार ओळी लागतात, तो इथे दोन शब्दांत, अत्यंत गंभीर चेहऱ्याने आणि अधिकृतपणे मारता येतो. अडचण येते ती वेगळीच. आपल्याकडचा एकच रस्ता पालखी येण्याच्या आदल्या आठवड्यात गुड असतो, पालखी पुढे गेली की पहिल्या दणक्यात बॅड होतो आणि श्रावणात हॉरिबलला टेकतो. गणपती तोंडावर आले की मुरूम पडून इंटरमीजिएट, विसर्जनानंतर मांडवाचे खड्डे उघडे पडून पुन्हा व्हेरी बॅड, आणि दिवाळी उलटल्यावर केबलवाले खणायला आले की इम्पासेबल. जमिनीवर जे आहे तेच लिहायचे, असा या नकाशाचा मूळ नियम. आपल्या जमिनीवर काय आहे हे पंचांग बघितल्याशिवाय सांगता येत नाही, याची कल्पना नियम करणाऱ्यांना कुठून असणार? तरीही बदल लिहिणारा लिहितो, प्रत्येक बदलाची तारीख राहते, आणि खड्ड्यांचा तारीखवार इतिहास साठत जातो. ठेकेदारांना यापेक्षा नावडते वाङ्मय दुसरे नसेल.

सज्जनांचा पहिला आक्षेप असा, की ही सारी रस्त्यांची दुरवस्था असलेल्या देशांची कथा झाली. रस्ते चांगले झाले की तक्रारही संपेल आणि मग निखळ सेवाभाव उरेल. या आक्षेपाला नेदरलँड्सने परस्पर उत्तर देऊन ठेवले आहे. तो देश म्हणजे सायकलस्वारांचा स्वर्ग. तिथे फिट्सर्सबॉन्ड या सायकलस्वारांच्या संघटनेचा मार्गशोधक नकाशा आहे, आणि त्याची माहिती स्वयंसेवकच ताजी ठेवतात. स्वर्गात ते नोंदवतात काय? फरसबंदी कशी आहे, रात्री दिवे असतात का, वाहनांचा त्रास किती, आणि परिसर बघण्याजोगा आहे की नाही! म्हणजे खड्डे संपल्यावर माणूस देखाव्याला नावे ठेवतो. या संघटनेचा जन्मही मोठा आपल्यासारखा आहे. तिथे १८८३ मध्ये सायकलस्वारांची एक संस्था निघाली. पुढे ती यथावकाश मोटारवाल्यांची झाली. तेव्हा १९७५ मध्ये रुसलेल्या सायकलवाल्यांनी नवी संघटना काढली आणि तिच्या नावातच 'पहिली, एकमेव, खरी' असे घातले. जुन्या संस्थेने हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावणाऱ्या महाराष्ट्राला ही मंडळी परकी वाटू नयेत. इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या सायकल संघटनेने तर कित्येक वर्षे 'या महिन्याची सुविधा' निवडून देशभरातल्या अचाट सायकल पट्ट्यांचे, फोटोखाली कमालीचे नम्र आभार मानत, जाहीर कौतुक केले. त्यातून २००७ मध्ये ब्रिटनमधल्या पन्नास सर्वांत टुकार पट्ट्यांचे पुस्तक निघाले. तेव्हा ट्रॅकवरची डीपी ही काही आपली मक्तेदारी नव्हे. फक्त त्यांनी तिचा फोटो काढला. आपण तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोणीही उठावे आणि नकाशात काहीही लिहावे, त्याचे काय? याचे उत्तर पुन्हा मानवी स्वभावातच आहे. चूक काढायची हौस असलेल्या माणसाला, दुसऱ्या चूक काढणाऱ्याची चूक काढण्याइतके सुख कशातच नसते. नकाशातल्या प्रत्येक बदलामागे करणाऱ्याचे खाते, वेळ आणि जुना मजकूर कायम राहतो. आणि तो तपासायला कोणीतरी, कुठल्यातरी वेळेत, जागाच असतो. मग संवाद असे चालतात:

"ही वाट सायकलींना बंद का दाखवली?"

"तसा फलक आहे."

"फलक झाडामागे आहे. दिसत नाही."

"झाडही नकाशात घातलं आहे. बघावं."

२००८ मध्ये या मंडळींनी पायवाटेसाठी एक नवा प्रकार मान्य केला. त्याआधी पादचाऱ्यांची वाट आणि सायकलींची वाट असे मुख्यतः दोन प्रकार होते. तिसऱ्यामुळे वाद मिटेल असा हेतू होता. तेव्हापासून, दोघेही वापरतात ती वाट तिघांपैकी कोणत्या प्रकारात घालायची, यावर जे रण माजले आहे ते अजून थंड झालेले नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की जे होते तेच इथे जगभर होते: ज्यांच्याकडे गाडी नाही ते सर्वाधिक बोलतात, मागच्या सभेच्या इतिवृत्तावर हरकत येते, आणि ठराव मांडणाऱ्याला वाटते की आपण भाड्याने राहत होतो तेच बरे होते. पण या भांडणाचा परिणाम मोठा मजेदार होतो. भांडणारे दोघेही आपापली बाजू सिद्ध करायला पुन्हा पुन्हा त्या वाटेवर जातात, रुंदी मोजतात, फोटो काढतात. परिणामी वाट कोणत्या प्रकारात घालायची ते ठरत नाही, पण तिच्याइतकी अचूक नोंदलेली वाट पंचक्रोशीत सापडत नाही.

तिसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. "एवढा खटाटोप कशाला? गूगल आहे की!" आहे, आणि उत्तम आहे. गूगलने २०१७ च्या डिसेंबरात भारतासाठी खास दुचाकीचे मार्ग दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सायकलवाल्यांनाही क्षणभर गुदगुल्या झाल्या असतील. पण ती दुचाकी पेट्रोलची होती. मोठ्या कंपनीला जिथे गिऱ्हाईक दिसते तिथे रस्ता दिसतो, यात तिचा दोष नाही. खरा मुद्दा मालकीचा आहे. तिथे आपण फुकट सांगितलेली चूक तिच्या तिजोरीत जाते. उद्या शहरातल्या सगळ्या अडवलेल्या ट्रॅकची यादी मागायला गेलो तर मिळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती श्रेय देऊन कोणीही उचलावी, छापावी, मोजावी. आपल्याकडे नकाशांवरचे सरकारी निर्बंध २०२१ च्या फेब्रुवारीत बरेच सैल झाले, त्यामुळे कायद्याची भीतीही कमी झाली. उरली ती शेजाऱ्यांची. स्ट्रीटकम्प्लीट नावाचे एक ॲप रस्त्यावर उभे राहणाऱ्याला साधे प्रश्न विचारते: इथे फरसबंदी कशाची आहे, दिवा आहे का, सायकलींसाठी पट्टी आहे का. पण फोन हातात धरून, एकदा जमिनीकडे आणि एकदा पडद्याकडे बघणारा माणूस भर पेठेत दोन मिनिटे उभा राहिला, की वाड्याच्या दारातून हाक येते. "काय मोजताय? रुंदीकरण आहे का?" नाही म्हटले तर संशय वाढतो. नकाशा करतोय म्हटले तर, "मग आमच्या जिन्याला हात लावायचा नाही!" असा दम मिळतो. थोड्या वेळाने तेच गृहस्थ खाली येऊन समोरच्याने ओटा किती फूट पुढे ओढला आहे ते स्वखुशीने, इंचांसह सांगतात. लेखाच्या मूळ प्रतिपादनाला यापेक्षा भक्कम आधार कोणता हवा?

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा. नकाशाने काय रस्ता होतो? होत नाही. नकाशाने रस्ते झाले असते तर पुण्याचे ॲमस्टरडॅम केव्हाच झाले असते. महापालिकेच्या २०१७ च्या सर्वंकष सायकल आराखड्यात ८२४ किलोमीटरचे जाळे दाखवले आहे. मुंबई ते नागपूर रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर. म्हणजे कागदावर, पुण्याची हद्द न ओलांडता, सायकलने जवळजवळ नागपूर गाठता येते. लोकांच्या नकाशाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. त्यात प्रस्तावित रस्त्यावर 'प्रपोज्ड' असा वेगळा शिक्का बसतो, आणि तो शिक्का असलेल्या रस्त्यावरून मार्गशोधक कोणालाही नेत नाही. आराखड्याला आशा असते. नकाशाला फक्त डोळे असतात. आणि मोहीम चालवणाऱ्याला हे डोळेच कामी येतात, कारण कार्यालयातला संवाद साधारण असा होतो:

"ट्रॅकवर खांब आहे."

"कुठल्या ट्रॅकवर?"

"रस्त्यालगतच्या."

"तिथे ट्रॅक आहे?"

"तेच विचारायला आलोय."

हा संवाद मोडायचा असेल तर खांबाला ओळख द्यावी लागते. या नकाशात ती असते. माणसाला आधार क्रमांक असतो तसा प्रत्येक खांबाला स्वतःचा क्रमांक, अक्षांश आणि रेखांश. दोन खांबांमधले अंतरही लिहिता येते. हँडलची रुंदी कोणालाही मोजता येते, आणि उरलेली वजाबाकी कोणत्याही खात्यात होऊ शकते. केंब्रिजकरांनी याच्या पुढची पायरी गाठली. तिथे मोहीमवाल्यांसाठी सायकलस्केप नावाची जागा आहे. प्रत्येक अडचण नकाशावर आखायची, त्या भागातल्या लोकांनी तिच्यावर खल करायचा. बांधकामाच्या नव्या अर्जांचीही त्यात दखल घेतली जाते, म्हणजे इमारत उभी राहण्याआधीच तिच्या सायकल स्टँडला नावे ठेवायची सोय. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

शेवटचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. तो मान्यच करावा लागतो. हे नकाशे करतो कोण? प्रस्तुत लेखकासारखे, ज्यांचा सायकलीशी संबंध सध्या मुख्यत्वे वैचारिक आहे, असे लोक एका बाजूला, आणि रविवारी पहाटे हेल्मेट, चष्मा आणि भडक रंगाचे घट्ट कपडे घालून सिंहगडाकडे कूच करणारे दुसऱ्या बाजूला. त्यामुळे खडकवासल्याच्या पुढची प्रत्येक चढण, पिठलं-भाकरी कुठे मिळते आणि मटक्यातले दही कुठे, याची माहिती तपशीलवार. पण रात्रपाळी संपवून सकाळी घरी निघालेला रखवालदार, दुधाच्या पिशव्या लटकवून जाणारा पोऱ्या, कामावर जाणारी बाई यांच्या रोजच्या वाटा वहीत कोऱ्या. खरे तर या शहरातला सायकलीचा धर्म त्यांनीच टिकवला आहे, तोही पदक, फोटो किंवा प्रोटीन बार यांची अपेक्षा न ठेवता. कुठल्या कठड्यावर चाक घसरते, कुठला दिवा बंद आहे, कुठला कुत्रा कोणत्या वेळी भुंकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. फक्त त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्यांना आपण होऊन तक्रार करायला वेळ नाही. तक्रारीलाही फावला वेळ लागतो. तो ज्यांच्याकडे आहे त्यांचे खड्डे आधी नकाशात येतात. चुका काढणाऱ्यांच्या नकाशातली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती काढायला अजून पुरेसे लोक पुढे आलेले नाहीत.

तेव्हा वाचकहो, विनंती एवढीच. यापुढे ट्रॅकच्या तोंडाशी खांब दिसला तर शेजारून जाणाऱ्याला थांबवून देशाचे काय होणार असे विचारू नका. खांब नकाशात घाला. दुसरा नोंदवायच्या आधी इमारतीच्या रखवालदाराला त्याची रोजची वाट विचारा आणि त्याचे खड्डे आपल्या खड्ड्यांच्या आधी लिहा. खाते फुकट उघडता येते, गल्लीचे नाव मराठीत लिहायचीही सोय आहे. शुद्धलेखन तेवढे तपासून घ्या. दुसरा मराठी माणूस बघतोच आहे.